उरलेला वाटा

वाटे एकीने करायचे आणि उचलायचा दुसरीने, हा नियम दोघींनी हॉस्टेलवर असल्यापासून पाळला होता. खिडकीजवळची डुगडुगती खाट की दाराजवळची धड खाट, इथपासून केकच्या तुकड्यापर्यंत. वाटे करणारीला उरलेलं घ्यावं लागतं, म्हणून ती झक मारत सारखे करते. इतक्या वर्षांत दोघींचं कशावरून वाजलं नाही, ते ह्यामुळेच.

पण दोघींच्या कंपनीचे वाटे करायची पाळी मास्तरणीवर आली आणि तिची झोप उडाली. मास्तरीण हे तिचं टोपणनाव. शिकवलं तिने जन्मात कुणाला नाही, पण दुसऱ्याच्या चुका काढल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

दोघी मिळून उशी बनवत, ज्यांना ऐकू येत नाही अशा आईबापांसाठी. पाळण्यात बाळ रडलं की ती डोक्याखाली थरथरायची. सॉफ्टवेअर मास्तरणीचं. आतलं यंत्र, शिवण, दुकानदारांशी गोड बोलणं, सगळं दुसरीचं, म्हणजे चिमणीचं. शिवाय चिमणी तान्ह्या बाळासारखी हुबेहूब रडायची. एकीने कानात बोळे घालून उशीवर डोकं टेकायचं, दुसरीने पलीकडच्या खोलीत गळा काढायचा, अशी त्यांची चाचणी. मास्तरणीच्या रडण्याला उशी ढिम्म हलत नसे. "तुझ्यासारखं रडणारं बाळ अजून जन्माला यायचंय," चिमणी म्हणायची.

आता चिमणीच्या नवऱ्याची बदली लांबच्या शहरात झाली होती. तो पुढे गेला होता आणि ती जाऊ की राहू अशा घोळात होती. मास्तरणीचा वकील मामा म्हणाला, "पोरींनो, आधी कुणाचा हिस्सा किती ते कागदावर आणा. पैसे गुंतवणारा पहिलं तेच विचारेल."

तेव्हा मास्तरणीने वाटे केले. एका वाट्यात कंपनीचे सत्तर टक्के, पण चार वर्षं इथेच काम करायचं, तसतसे दरवर्षी थोडे थोडे हाती येणार. दुसऱ्यात तीस टक्के, आजच नावावर, आणि कुठेही जायला मोकळी. सत्तर सोडून तीस कोण उचलेल, असा तिचा हिशेब. 'जाऊ नकोस' हे तिच्या जिभेवर कितीदा तरी आलं होतं. पण मैत्रिणीच्या संसारात नाक कसं खुपसायचं, म्हणून ते तिने टक्क्यांकडून म्हणवून घेतलं.

मामासमोर चिमणीने कागद वाचला. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा बंद नसे. आज तिने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे वाटे सारखे नाहीत गं."

"नियम तोच आहे. उचल तुला हवा तो."

"तोच कुठे? मी कुठला उचलायचा ते तूच ठरवून ठेवलंयस." चिमणी हसली, पण तिचे डोळे भरले होते. "लेक रोज फोनवर बाबाला विचारते, आम्ही कधी येऊ म्हणून. मला तीस दे."

"अगं, नुकसान आहे तुझं," मामा मध्ये पडला.

"असू दे मामा. वाटे तिने केले, उचलला मी. आता रडीचा डाव नको."

उरलेला वाटा, म्हणजे चार वर्षं इथेच आणि तीही एकटीने, आपल्याला घ्यावा लागतो, हे मास्तरीण वाटे करताना साफ विसरली होती. तेव्हाही तिला 'राहा ना' म्हणता आलं असतं. तिने पेनाचं टोपण काढून पेन चिमणीच्या हातात दिलं.

चिमणी गेली त्या दुपारी नव्या उशा तपासायच्या होत्या. मास्तरणीने एक उशी टेबलावर ठेवली, कानांत बोळे घातले आणि डोकं टेकलं. पलीकडच्या खोलीचं दार तिने सवयीने उघडंच ठेवलं होतं. तिथे चिमणीच्या खुर्चीवर दोऱ्याचं रीळ तसंच पडलं होतं. बोळे घातले असले तरी चिमणीचा आवाज येईल, असं तिला उगाच वाटत राहिलं, आणि मग तिला आवरेना. ती हुंदके देऊन रडली.

उशी हलली नाही. मोठ्या माणसाच्या रडण्याने कुणाची झोप मोडू नये, म्हणून ते रडणं सोडून द्यायला तिनेच उशीला शिकवलं होतं, आणि ते शिकवण्याचं काम तिने अगदी चोख केलं होतं.