तानाबाईंच्या दाराचा उंबरठा

मी एक जुना उंबरठा आहे, मित्रांनो. आता मी दारात आडवा पडलेला नाही, तरी घरातले मला उंबरठाच म्हणतात, म्हणून मीही तेच नाव सांगतो. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे इथे, अंगणात कडुनिंब असलेल्या एका लहानशा घरात मी राहतो.

मी सागाचा. पुलगावच्या एका आरा मशीनवर मला कापले आणि लहानूजींनी मला एसटीच्या टपावर टाकून घरी आणले. लहानूजी बांधकामावर मिस्त्री होते. दुसऱ्यांच्या कितीतरी घरांना त्यांनी दारे बसवली होती. स्वतःच्या दारासाठी लाकूड घ्यायला मात्र त्यांना फार वर्षे लागली. मला बसवले त्या सकाळी घरात बुद्धवंदना झाली आणि लहानूजी आपल्या पत्नीला, तानाबाईंना, म्हणाले, "तू पहिले मधात जाय."

तानाबाई माझ्यापुढे थबकल्या. लहानपणी मजुरीचे धान्य घ्यायला त्या आईबरोबर मोठ्या घरी जात, तेव्हा मायलेकींना उंबरठ्याबाहेर बसावे लागे आणि धान्य पदरात वरून टाकले जाई. हे लहानूजींना ठाऊक होते. ते म्हणाले, हा उंबरठा आपला आहे, इथे कोणाला अडवायचे नाही. मग तानाबाईंनी माझ्यावरून पाऊल टाकले. तो पाय अजून माझ्या लक्षात आहे.

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. तानाबाई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. त्यांचा मुलगा रत्नदीप शाळेतून आला की माझ्यावर बसून बोरे खाई आणि बिया अंगणात फेकी. पुढे त्याचे लग्न झाले आणि मयुरी सून होऊन आली. ती शिक्षिका होण्यासाठी अभ्यास करत असे. त्या दिवसांत तानाबाई तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन तासन्‌तास माझ्यावर बसत, म्हणजे रडण्याचा आवाज आतपर्यंत जाणार नाही. मयुरीला शाळेत नोकरी लागली तेव्हा पेढ्याचा पहिला तुकडा तानाबाईंनी गमतीने माझ्यावर ठेवला होता. मुंग्यांनी तो आनंदाने खाल्ला. मग एक दिवस लहानूजी चौघांच्या खांद्यावर माझ्यावरून गेले, ते परत आले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तानाबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि त्या चाकाच्या खुर्चीत बसून घरी आल्या. खुर्चीची पुढची चाके माझ्याशीच अडली. रत्नदीपने पुढून आणि शेजाऱ्याने मागून उचलली, तेव्हा कुठे त्या आत गेल्या. पलंग बाहेरच्या खोलीत, दारासमोरच टाकला. तिथून त्यांना कडुनिंब दिसे, पण त्याच्या सावलीत जाता येत नसे.

माणसे घरातून निघताना एक पाय माझ्यावर ठेवून थांबतात आणि खरे काय ते तेव्हाच बोलतात. म्हणून त्या दिवसांतले सगळे प्रश्न मी ऐकले. घरी सांभाळायला बाई ठेवायची तर दिवसभराची की अर्ध्या दिवसाची? औषध तिने द्यायचे की आपण? ती एखाद्या दिवशी आली नाही तर काय करायचे? कपाटाला कुलूप लावावे का? लेक-सून असताना परकी बाई ठेवली, तर लोक काय म्हणतील? रत्नदीप विचारी, मयुरी विचारी, आणि आलेला प्रत्येक पाहुणा वेगळेच उत्तर देई.

तानाबाईंचे उत्तर मात्र एकच होते. "परक्या बाईच्या हातानं मी आंग नाई धुणार."

मयुरीची रजा संपत आली होती. एका संध्याकाळी माझ्याजवळ उभी राहून ती रत्नदीपला हळूच म्हणाली की, आईंना पटत नसेल तर ती नोकरी सोडेल. पलंगावरून तानाबाईंनी ते ऐकले आणि डोळे मिटून घेतले. रत्नदीपने मला काढून टाकण्याचा विषयही काढून पाहिला होता. तेव्हा त्या रागावल्या होत्या. तुझ्या बापाने बसवलेल्या लाकडाला हात लावायचा नाही, असे त्यांनी बजावले होते. मला तेव्हा अभिमान वाटला, पण वाईटही वाटले.

शेवटी सखूला बोलावले. ती कारंज्याकडची, गोंड घरातली. याआधी तिने दोन-तीन घरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळले होते. पहिल्या सकाळी तानाबाईंनी तिला केसही विंचरू दिले नाहीत. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मयुरीने चहा केला. सखूने पिशवीतून स्वतःचा कप काढला, त्यात चहा घेतला आणि माझ्यावरून पाय टाकून ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

तानाबाईंनी मान वळवली.

"तिथं काऊन बसली वं?"

"कामाच्या घरी मी भाईरच बसतो, माय."

"आन् हा कप?"

"माहा हाय. घरूनच आणला. मंग कोणाचं बोलणं ऐकाले नको."

मयुरी हातात चहाचे पातेले धरून तशीच उभी राहिली. मित्रांनो, या घरात किती प्रश्न विचारले गेले होते. पण येणारी बाई कुठे बसेल आणि कशात चहा घेईल, हे विचारायचे सगळेच विसरले होते.

"माही माय अशीच बसे," तानाबाई हळू म्हणाल्या. "या घरात नाई चालत ते. मधात ये. मयुरी, तिले आपल्यातला कप दे." त्यांनी दुखरा पाय सांभाळत जरा सरकून पलंगावर जागा केली. "बस इथं."

सखू संकोचत टेकली. "पलंग मोडला त मले बोलू नका."

"मोडला त तूच उचलजो मले."

मयुरी खुदकन हसली. त्या दुपारी तानाबाईंनी सखूच्या हातून अंग पुसून घेतले.

संध्याकाळी रत्नदीप घरी आला, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "उंबरठा काढून टाक."

तो पाहतच राहिला.

"तुहा बाप म्हणे का, इथं कोणाले अडवाचं नाई," त्या म्हणाल्या. "आता मीच अडून राह्यली."

चंद्रभान सुताराने मला काढले. मी अंगणात पडलो होतो आणि मला चुलीची धग आठवत होती. म्हाताऱ्या लाकडाला दुसरे काय आठवणार? माझ्या जागी सिमेंटचा उतार झाला. मग मयुरी बाहेर आली. आईंना ज्याला धरून उभे राहता येईल असा दांडा भिंतीला लावा, असे दवाखान्यातून सांगितले होते. तिने माझ्यावरची धूळ पुसली आणि चंद्रभानला म्हणाली, "काका, याचाच करा."

त्यांनी मला रंधा मारला, कडा गोल केल्या आणि त्याच दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर बसवले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एक दिवस आजी किंवा आजोबा थकतील. त्यांना सांभाळायला कोणी घरी आले, तर खूप प्रश्न विचारा, विचारायलाच हवेत. पण आधी त्या माणसाला बसायला जागा द्या. आणि ज्यांची सेवा करायची त्यांनाही विचारा की तुम्हाला कुठे जायचे आहे? सगळ्यांनाच पलंगावर पडून राहायचे नसते.

आज सकाळचीच गोष्ट सांगतो. मयुरी खांद्याला पिशवी लावून दारात घुटमळत होती. तानाबाई मला धरून उभ्या होत्या. सखू मागे होती, तिचे हात जवळ होते पण लागलेले नव्हते.

"जाय बाई," तानाबाई सुनेला म्हणाल्या. "लेकरं वाट पाहून राह्यली."

मयुरी गेली. तानाबाईंनी कडुनिंबाकडे पाहिले आणि उताराकडे पहिले पाऊल टाकले. इतकी वर्षे मी त्यांचा पाय ओळखत होतो. आता मला त्यांचा हात ओळखता येतो.