बारावी खुर्ची

पंपावर बसून जैतू टाचा घासत होता. खरबरीत दगडाने घासून टाच लाल झाली, तरी भेगांतला काळेपणा काही जाईना. मुरबाडबाहेरच्या मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे पाय ते, काजळी आणि चुलीपुढच्या मातीत मुरलेले. पण फादरांनी बजावलं होतं, संध्याकाळी बाराही जणांचे पाय स्वच्छ हवेत. सत्त्याण्णव सालचा पवित्र गुरुवार होता. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर दरवर्षी बारा माणसांचे पाय धूत. आणि धुवायचे पाय आधी धुऊन आणायचे, अशी तिथली रीत होती.

तेवढ्यात फाटकातून जगन आला. टोकावड्याकडच्या पाड्यातला, जैतूच्या नात्यातला. तो टेकलासुद्धा नाही.

"लखमानं धाडलंय. आय पाणी पन घेत नाय. तुजंच नाव घेते. आजच चल."

लखमा जैतूचा थोरला भाऊ. जैतूने बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं होतं, आणि हळूहळू पाडाही दुरावला. राहिली एकटी आई. ती अधूनमधून मुरबाडला यायची, लेकाच्या हातचं जेवायची आणि निघताना त्याच्या तोंडावरून हात फिरवायची. ती गेली की जैतूला पाड्यात आपलं म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

तो ओल्या पायांनीच फादरांकडे गेला. फादर वाईट नव्हते. पूर्वी हेच फादर पाड्यावर येऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसले होते आणि त्याच्याच भाकरीतली अर्धी मोडून त्यांनी खाल्ली होती. देवापुढे साहेब आणि गडी एकच, असं म्हणाले होते. त्या एका वाक्यावर जैतू घरदार सोडून आला. तेव्हा वसतिगृहाला कुडाच्या भिंती होत्या. पुढे दुमजली इमारत झाली, जीप आली, आणि फादरांचं जेवणाचं टेबल वेगळ्या खोलीत गेलं. वाढायला जैतूच होता.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. पण देणगी देणारे पाहुणे यायचे होते, त्यांना बारा जणांची ओळख करून द्यायची होती, आणि बारांत आदिवासी असा जैतू एकटाच. जेवण करून ठेव, प्रार्थना संपली की सोडतो, शेवटची एसटी मिळेल, असं म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हातही ठेवला. जैतूला नाही म्हणता आलं नाही. इथून उठून जायला त्याला दुसरं घर नव्हतं. जगन एकटाच परत गेला.

संध्याकाळी चर्च भरलं. जैतूची खुर्ची बारावी. प्रवचन लांबत गेलं. गुरू असून येशूने गुलामाचं काम केलं, अधिकार आला की माणूस ताठतो, ज्याला मोठं व्हायचं असेल त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं, असं फादर फार सुंदर बोलले. जैतूला ते अजूनही खरं वाटत होतं, हीच त्याची पंचाईत होती.

मग फादर गुडघ्यांवर आले आणि एकेका खुर्चीपुढे सरकू लागले. जैतूपाशी पोचले तोवर बाहेर अंधारून आलं होतं. त्यांनी त्याचा उजवा पाय हातात घेतला. जैतू खाली वाकला.

"फादर, सोडा मला. गाडी जाईल."

फादरांनी मान वर केली नाही. पाणी ओतत ते हळूच म्हणाले, "हलू नकोस. फोटो काढतायत."

पकड मऊ होती. ओढला असता तर पाय सुटला असता. पण गुडघे टेकलेल्या माणसाला झिडकारायचं कसं, हे जैतूला कुणी शिकवलं नव्हतं. उठून गेला असता तर सगळं चर्च म्हणालं असतं, फादर एवढे लवले आणि ह्याला माज केवढा. बाहेरच्या रस्त्यावरून एसटी घाटाकडे गेली, ती त्याने ऐकली. फादरांनी पाय पुसला आणि त्याचं चुंबन घेतलं.

जैतू चालत निघाला, तो उजाडताना पाड्यावर पोचला. आई गेली होती, तिचं सगळं रात्रीच उरकलं होतं. अंगणात माणसं बसली होती. लखमा उठून समोर आला आणि कित्येक वर्षांनी भावाशी बोलला.

"दिस बुडंस्तवर वाट बघली तिनं. असं काय काम व्हतं रे तुला?"

जैतूने जे होतं तेच सांगितलं.

"फादर माजं पाय धूत व्हते."

"आज तरी खोटं नको बोलू," लखमा म्हणाला आणि आत गेला.

बसलेल्यांपैकी कुणी सरकून जागा केली नाही. जैतू मग होता तिथेच, अंगणाच्या कडेला बसला.