दोनशे मिली

सकाळी लघवीची नळी काढताना सिस्टरनं बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, तर नळी परत घालावी लागेल. झाली की या भांड्यात मोजून दाखवायची."

आतड्याच्या जुन्या दुखण्यापायी क्रेनवाल्याचं मोठं आतडं पार गुदाशयासकट काढलं होतं. शौचासाठी पोटाला पिशवी आली, ती त्यानं मुकाट सोसली. पण नळीचं नाव काढलं की त्याचं टाळकं फिरायचं. शिडीनं चाळीस मीटर चढून केबिनमध्ये बसणारा माणूस तो! लघवीची पिशवी पायाला बांधून कोण चढू देणार होतं त्याला?

दुपारभर तो नळ सोडून संडासात उभा राहिला. एक थेंब नाही. चार वाजता मात्र पठ्ठ्या भांडं घेऊन ऐटीत बाहेर आला.

"दोनशे मिली! जा, दाखव तुझ्या सिस्टरला."

"सुटलो बाई एकदाचे," म्हणत बायकोनं भांडं हातात घेतलं. भांडं गार होतं. नळाचं पाणी!

भांडं घेऊन ती सिस्टरच्या टेबलाकडे निघाली. शौचातून रक्त पडत होतं तेव्हाही तिनंच त्याच्या कामावरच्या साहेबांसकट सगळ्यांना फोनवर "पित्त झालंय" म्हणून सांगितलं होतं. वीस वर्षं झाकलं, आणि आतडं हातचं गेलं. त्यात आपलाही वाटा आहे, हे तिला रोज खात होतं.

"सिस्टर, हे पाणी आहे," ती म्हणाली.

स्कॅन केला तर मूत्राशयात नऊशे मिली लघवी तुंबलेली. डॉक्टरांनी चांगलंच झापलं. "ऑपरेशनात नसांना धक्का बसतो. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. पण असं ताणून धरलंत तर मूत्राशय कायमचं लुळं पडेल!"

नळी परत घातली. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "चहाडखोर."

"आहेच मी," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "आजवर झाकलं, म्हणून तर ही वेळ आली ना! खड्ड्यात गेली ती क्रेन. मला तुम्ही हवे आहात."

त्यानं भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाला, "साहेबांना फोन लाव."

तिनं लावला, डोळे पुसले आणि सवयीनं स्वतःच्याच कानाला धरला. त्यानं तो काढून घेतला.

"साहेब, मीच बोलतोय. माझी लघवी होत नाहीये. नळी घातलीय. कामावर कधी येईन, ते मलाच ठाऊक नाही."