खटकलेलं : काही नाही

आर्किटेक्चरच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या वाचनालयाच्या मॉडेलमधला पुठ्ठ्याचा माणूस चिमटीत उचलला. साडेतीन सेंटीमीटरचा, मीच कापलेला. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवून ते त्याला एकेक पायरी चढवत गेले. नवव्या पायरीवर त्याचं डोकं वरच्या तुळईला टेकलं. त्यांनी जरा रेटलं, तशी त्याची मान मोडली.

"तुमच्या वाचनालयात लोकांनी रांगत वर जायचं का?"

मागे वर्ग खिदळला. परीक्षकांनी माझ्या नावापुढे 'नापास' लिहिलं, वही मिटली आणि ते जेवायला गेले. माझं वर्ष गेलं.

राग त्यांचा नव्हता. त्यांनी निदान खरं सांगितलं. तळपायाची आग मस्तकात गेली ती माझ्या नकाशांखालच्या अकरा पिवळ्या चिठ्ठ्या बघून. आमच्या वर्गाची पद्धतच आहे. महिनाभर आधी काम भिंतीवर टांगायचं आणि बाकीच्यांनी चिठ्ठी लावायची, काय आवडलं, काय खटकलं. अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवर 'खटकलेलं : काही नाही'. उद्या लोकांची घरं बांधणार हे, आणि एवढी थोरली तुळई एकालाही दिसू नये?

पट्टीला मी खिडकीपाशी गाठलं. पट्टी म्हणजे माझी मैत्रीण. खिशात कायम सहा इंची पट्टी, म्हणून हे नाव. पहिल्या वर्षापासून आम्ही शेजारी बसतो.

"तुला दिसली होती ना तुळई?"

"हो."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"मागच्या वर्षी तुझा रंग भडक म्हटला, तर आठ दिवस अबोला धरलास. आणि तू तरी कुणाला काय लिहिलंस गं? चोराच्या उलट्या बोंबा!"

मला तिच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. पण नजर गेली तिच्या मॉडेलकडे. प्रसूतिगृह. जेवणाच्या सुट्टीनंतर परीक्षकांपुढे पहिला नंबर तिचाच. मागे तिच्या नकाशांखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती : 'उजेड छान घेतलायस. खटकलेलं : काही नाही.'

खटकलं होतं. चांगलंच खटकलं होतं. पण म्हटलं, वाईटपणा कोण घेणार? सर सांगतील. आता मला माझाच इतका संताप आला की कुणावर ओरडावं तेही कळेना.

मी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, चार सेंटीमीटर लांब कापला आणि तिच्या मॉडेलच्या बोळात घातला.

"हे काय?" पट्टी म्हणाली.

"स्ट्रेचर. ने आता ऑपरेशनच्या खोलीत."

तिने तो ढकलला. वळणावर तो तिरका झाला आणि दोन भिंतींच्या मध्ये रुतून बसला. तिने मागे घेतला, पुन्हा ढकलला. पुन्हा तिथेच.

"बाई इथेच अडकणार," मी म्हणाले.

पट्टीचा चेहरा उतरला. तिने खिशातली पट्टी काढून वळण मोजलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं, आता ती रडेल नाहीतर मला मारेल. तिने घड्याळ बघितलं. परीक्षक परत यायला वीस मिनिटं होती. मग कटर माझ्यापुढे दाणकन आपटला.

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? भिंत काप!"