बजाबाईंनी पारखलेला टायर

मी पिकअपचा मागचा डावा टायर बोलतोय. डावा म्हणून कमी लेखू नका. रस्त्याकडेचे खड्डे, खडी आणि काटे आधी माझ्याच वाट्याला येतात. शिवाय मिक्सर जोडला की त्याचं निम्मं ओझं माझ्या खांद्यावर असतं, आणि मला ते आवडतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. रबर, काजळी, दोरा आणि पोलादी तार असं सगळं एकत्र आलं आणि तापल्या साच्यातून मी अंगावर खोल नक्षी घेऊन बाहेर पडलो. सोलापूरला आलो ते होटगी रोडवरच्या वेणीमाधवशेठच्या दुकानात. तिथे मला मागच्या रांगेत टाकलं होतं. पुढे मांडलेले ते चकचकीत, रुंद, कारच्या जातीचे टायर. गिऱ्हाईक आलं की त्यांच्यावर हात फिरवायचं आणि माझ्याकडे बघून विचारायचं, "हा ट्रॅक्टरचा आहे का?" वर्षभर असा अपमान सोसला.

मग एका सकाळी दुकानात नऊ बायका शिरल्या. सोबत एकच पुरुष, तोही दाराशी अवघडून उभा. टायरच्या दुकानात एवढ्या बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या. वेणीमाधवशेठनेही नसाव्यात, कारण तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

त्या होत्या मंद्रूपच्या स्लॅब टाकणाऱ्या बायका. शिवबाई ही त्यांची मुकादम. काँक्रीटचा मिक्सर तिचा, पिकअपही तिचीच, आणि ती चालवणारा तो दाराशी उभा असलेला तिचा नवरा, धोंडप्पा. गावोगावी मिक्सर ओढत न्यायचा आणि मागच्या हौद्यात आठ बायका, घमेली, फावडी. असा त्यांचा संसार.

दिवाळीनंतर माझ्या जागचा आधीचा टायर एका वळणावर फुटला होता. मी तेव्हा नव्हतो, पण हे इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच वाटतं. तो बिचारा हलक्या गाडीचा, मऊ अंगाचा. त्याच्याकडून मिक्सर ओढून घेतला यात त्याचा काय दोष? गाडी भरकटली, मिक्सरने मागून रेटलं आणि सगळं बाभळीला जाऊन टेकलं. कुणाला फार लागलं नाही. पण हौद्यात बसलेल्या पायलच्या मांडीवरचं सहा महिन्यांचं बाळ उडालं ते थेट तिच्या सासूच्या पदरात पडलं. ती सासू म्हणजे बजाबाई, सगळ्यांत थोरल्या. त्यांनी त्याच जागी सांगितलं, "मिक्सर जोडल्याल्या गाडीत माजं पाऊल आता पडनार न्हाय." त्या नाही म्हटल्यावर बाकीच्याही नाही म्हणाल्या.

स्लॅब एका दमात टाकावा लागतो. आठ जोड्या हात नाहीत तर स्लॅब नाही, आणि या हातांवाचून शिवबाईचं काहीच चालत नव्हतं. महिनाभर मिक्सर दारात उभा राहिला. शेवटी ती बजाबाईंच्या घरी गेली आणि म्हणाली, "आक्का, बसायचं तुमास्नी हाय. मग टायर बी तुमीच निवडा."

म्हणून ती वरात दुकानात आली होती. धोंडप्पाची नजर पुढच्या चकचकीत टायरवर खिळली. "लई भारी दिसत्यात की," तो म्हणाला.

बजाबाईंनी वेणीमाधवशेठला विचारलं, "ह्यो वजन किती पेलंल?"

"मागे काही ओढायचं आहे का, मावशी?"

"मिक्सर. आन हौद्यात आमी आठ जनी."

शेठने निमूटपणे चकचकीत टायर बाजूला सारला आणि मला धूळ झटकून बाहेर काढलं. तो म्हणाला, "मग हा घ्या. आठ प्लायचा, म्हणजे आठ थरांच्या ताकदीचा, माल ओढणाऱ्या गाडीचा. बाजू जाड आहे. पण खरं सांगतो, बसायला कडक लागेल. आणि हवा जास्त ठेवायची, मी सांगतो तेवढी. हवा कमी असेल तर कितीही दणकट टायर वजन पेलत नाही."

बजाबाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. बाजारात बैल पारखावा तसं त्यांनी मला चारही अंगांनी पाहिलं, मग माझ्या कुशीत, म्हणजे त्या जाड बाजूत, अंगठा रोवून सगळा भार दिला. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही.

"वाकत न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्योच."

वर्षभराचा अपमान त्या एका शब्दात धुऊन गेला. माझ्याच जातीचे आणखी तीन घेतले आणि आम्ही चौघं भाऊ पिकअपला लागलो. चौघांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. बजाबाई गाडीत चढल्या, मागोमाग बाकीच्या. पण पायल दारातच राहिली. "आमी बसू," बजाबाईंनी सांगितलं, "बाळ न्हाय बसनार. मला भरोसा वाटंल तवा त्याचं बघू." बाळ अंगावर पिणारं, म्हणून पायलही घरीच. तिच्या जागी गावातली दुसरी बाई घेतली. पायल रोज दारातून गाडी जाताना बघायची. मला त्या नजरेची लाज वाटायची.

आता माझा दोष कबूल करतो. मी खरंच कडक आहे. पहिल्या पंधरवड्यातच हौद्यात कुरकुर सुरू झाली. "कंबरंचा पार भुगा झाला बाई." धोंडप्पा मनाने हळवा. बायकांचे हाल त्याला बघवेनात. मार्चमध्ये मैंदर्गीचा स्लॅब ठरला, त्या पहाटे तो कुणाला न सांगता आमच्याजवळ बसला आणि चौघांचीही बरीच हवा सोडून दिली. तेही किती मायेने!

गाडी निघाली. धक्के नाहीत म्हणून हौद्यात गाणी सुरू झाली. इकडे माझी कूस प्रत्येक फेऱ्याला घडी पडून उलगडत होती आणि अंग तापत चाललं होतं. मिक्सर मागून डुलायला लागला. मला बाभळ आठवली, जी मी कधी पाहिलीच नव्हती. ओरडावं म्हटलं तर तोंड नाही.

अक्कलकोटच्या अलीकडे चहाला गाडी थांबली. बजाबाई खूश होऊन उतरल्या. "आज पाळन्यावानी आली की गाडी." चपलेतला खडा काढायला त्यांनी माझ्यावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"ह्यो तव्यावानी तापलाय," त्या म्हणाल्या. मग वाकून पाहिलं. "आन ह्याचं पोट सुटलंय. ह्यो असा नव्हता."

धोंडप्पाच्या हातातला चहा तसाच राहिला. "आक्का, मीच हवा सोडली. तुमास्नी धक्के बसत व्हते म्हनून."

मला वाटलं, आता बायका इथूनच पायी परत जाणार. शिवबाईचा चेहरा उतरला. बजाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आमच्या कंबरंची काळजी आमी करू. तू ह्याची कर."

आम्हाला सावलीत थंड होऊ दिलं. मैंदर्गीहून घरमालक शरणप्पांचा फोन आला, तर शिवबाई म्हणाली, "टायर थंड व्हतोय. मग येतो." शेजारच्या पंक्चरवाल्याने शेठने सांगितली होती तेवढी हवा भरली. बायकांनी गाठोड्यातल्या चादरींच्या चौपदरी घड्या करून बुडाखाली घेतल्या. सरळ उपाय होता, आधी सुचला नव्हता इतकंच. मैंदर्गीला शरणप्पा कानडीत "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणत रस्त्यावर येऊन उभे होते. स्लॅब दिवस मावळायच्या आत पुरा झाला.

तेव्हापासून रोज निघण्याआधी, मी थंड असताना, बजाबाई माझ्या कुशीत अंगठा रोवतात. धोंडप्पा मापाने हवा बघतो ते वेगळं. पण अंगठ्याशिवाय गाडी हलत नाही.

वैशाखात एका सकाळी अंगठा रोवून झाल्यावर त्या वळल्या आणि दारातल्या सुनेला म्हणाल्या, "पायल, आन बाळाला."

आता मी सुखात आहे. नक्षी थोडी झिजली, पण अजून बरेच स्लॅब बघेन. नक्षी पार जाऊन गोटा झालो की मात्र मोह न धरता मला काढा. आणि तुमच्या गाडीला कुणी माझ्यासारखा असेल, तर निघताना एकदा त्याच्यावर हात ठेवा. आम्हाला बोलता येत नाही.

त्या सकाळी पायल बाळाला घेऊन आली. बाळ तोवर वर्षाचं झालं होतं, धरून उभं राहायचं. चढण्याआधी ते माझ्याजवळ थांबलं, आजीकडे पाहिलं आणि आपला इवलासा अंगठा माझ्या कुशीत रोवला. सगळं बळ लावून.

मी मुळीच वाकलो नाही.