पुराची रेघ

"ह्या तीन रेघा आधी पांढऱ्या करा," प्रचारप्रमुख भिंतीकडे बोट दाखवत म्हणाला. "साहेबांचा चेहरा उठून दिसला पाहिजे."

पेंटरची लेक शिडी धरून उभी होती. वय एकोणीस, मतदार यादीत नाव यंदाच लागलेलं, आणि जीभ बापापेक्षा चांगलीच तिखट. शाळेच्या भिंतीवरच्या त्या निळ्या रेघा बापानेच मारलेल्या, दर पुरानंतर एक, शेजारी वर्ष घालून. पहिली गुडघ्याला, दुसरी छातीला, गेल्या वर्षीची डोक्याच्या वर.

"रेघा राहू देत," ती म्हणाली. "साहेबांना रेघांच्या वर काढते."

"म्हणजे पुराचा दोष साहेबांच्या माथी? अगं, पाऊस काय त्यांच्या हातात आहे?"

"पाऊस नाही. पण नाल्यावर इमारती कुणाच्या सहीने उठल्या? आम्ही पोरं पुराचं विचारायला गेलो, तर साहेब म्हणाले, हवामानबिवामान परीक्षेत लिहा. आता मत मात्र आमचंच पाहिजे."

"तुमच्या पिढीला कुणीच चालत नाही!"

"चालेल की. पुढचं पाणी कुठवर येईल आणि तेव्हा तुम्ही काय करणार, एवढं सांगणारा कुणीही चालेल."

शिडीवरच्या बापाला घाम फुटला. अकरा भिंतींचं काम होतं. "गप गं. पाण्यात राहून माशाशी वैर नको."

"पाण्यात तर आपण राहतोच, बाबा."

 बापाने ब्रश चुन्यात बुडवला आणि वरची रेघ पुसून टाकली.  लेकीचा राग साहेबांवर होता, पण डोळ्यांत पाणी बापामुळे आलं.

तिने रेघ मारायची दोरी निळ्या रंगात भिजवली. कोपऱ्यापलीकडच्या भिंतीवर तीच रेघ अजून शाबूत होती. रिकाम्या डब्यावर चढून तिने त्या उंचीला दोरीचं एक टोक अंगठ्याने दाबलं. दुसरं टोक जमिनीवर लोळत राहिलं. ही रेघ एकट्याने मारता येत नाही; दोरी दोन्ही टोकांनी ताणून मग झटकावी लागते.

"पेंटर, समजवा तिला. नाहीतर अकराही भिंती दुसऱ्याला देतो."

बाप गुडघे सांभाळत खाली उतरला. शिडी भिंतीच्या दुसऱ्या कडेला नेली, लोळणारं टोक उचललं आणि वर चढून दोरी ताणली.

"सैल सोडू नकोस," तो लेकीला म्हणाला. "मार."

तिने हात लांबवून दोरी झटकली. ओल्या चुन्यावर निळी रेघ उमटली, जराशी फुटकी, पण सरळ. प्रचारप्रमुख दुसऱ्या पेंटरला फोन लावत चालू लागला.

बापाने ब्रश पुसून तिच्या हातात दिला. "वर्ष तू घाल. जरा मोठं घाल."