स्टिअरिंग सरळ, चाकं वाकडी

मी जीप बोलतीया. व्हय, हीच, चिंचंखाली उभी हाय ती. जवळ या, चावत न्हाय. दार मातुर जपून लावा, कधीकधी बोट धरती मी. गंमत म्हणून.

माझा जलम नाशकाकडचा. हिरवीगार, ताठ नाकाची निघाले कारखान्यातनं. पयली काही वर्सं कुर्डुवाडीला एका सरकारी सायबाकडं हुते. सायब लई शिस्तीचा. पण वरचा सायब तपासणीला आला की मी हमखास बंद पडायची. मग टोपी काखंत मारून धक्का द्यायचा बिचारा. पुढं लिलावात निघाले आन् संगप्पांनी मला दुधनीजवळच्या ह्या गावात आणलं. संगप्पा गेले. आता त्यांचा ल्योक गुरुराज माझा मालक. कागदावर म्हंते मी. चालवती त्याची बायको, श्रीदेवी.

गुरुराज चिंचोळी एमआयडीसीत टर्नर हाय. सोलापुरात खोली करून ऱ्हातो, सुट्टीला तेवढा घरी येतो. श्रीदेवी आठवड्यातनं दोनदा गावच्या बायकांच्या बचत गटाची कडक भाकरी घेऊन सोलापूरला जाती. ज्वारीची भाकरी ती, पापडावानी पातळ. टिचकी मारली तर वाजती, आन् जोरात श्वास सोडला तर मोडती. अशी भाकरी थप्पीच्या थप्पी धड न्यायची म्हंजे काय चेष्टा हाय? पण श्रीदेवी नेती. खड्डा दिसला की लांबनंच ती मला हळू करती. गावात गाडी चालवणारी ती एकटीच बाई. हे काम सुटलं तर ती पुन्हा चुलीम्होरं, हे तिला बी ठावं आन् मला बी.

आता रडगाणं कुटनं सुरू झालं ते ऐका. गावाच्या वढ्यात मोठी दगडं हायत. तितनं जाताना माझं पोट घासायचं. गुरुराज एका सुट्टीला आला आन् म्हणाला, "श्री, हिला चार बोटं उंच करतो. मेस्त्री कशाला पायजे? आमी काय कमी हाय का?"

कारखान्यातनं स्वताच्या हातानं लांब शॅकल करून आणल्या. शॅकल म्हंजे माझे स्प्रिंगचे पाटे ज्यावर टांगलेत ना, त्या लोखंडी पट्ट्या. जॅक लावला, पान्हे पसरले, पुढची चाकं मोजून अगदी सरळ लावली आन् दोन दिवसात मला उंच केली. आमच्या वयात उंच टाचंचं खूळ! पण दिसत हुते झ्याक, खोटं कशाला बोलू?

निघालो चक्कर मारायला, तर स्टिअरिंग वाकडं. गाडी सरळ चाललीया आन् स्टिअरिंगची दांडी कललेली, मान आखडल्या माणसावानी. गुरुराजनं हिकडंतिकडं बगितलं. श्रीदेवी घरात हुती. त्यानं काय करावं? मधला नट सोडला, स्टिअरिंग उपसून काढलं आन् सरळ करून पुन्हा बसवलं. खाली चाकं तशीच, चाकं वळवणारा रॉड तसाच, समदं बिघडल्यालं तसंच. तोंडाला पावडर लावून तापकऱ्याला लग्नात उभा केल्यावानी.

"झालं बग," म्हणाला. "एक सूत इकडंतिकडं न्हाय." आन् एमआयडीसीला निघून गेला.

पयल्याच खेपंला माझं अंग थरथरायला लागलं. काटा पन्नाशीला टेकला आन् जरासा उंचवटा आला की पुढची चाकं फडफडायची, सुपात पाखडल्यावानी. श्रीदेवी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायची, वेग कमी करायची, तवा कुटं थांबायचं. मागं भाकरीचा चुरा. दुकानदार म्हणाला, "ताई, हे काय, कोंबड्यास्नी आणलंय का?"

तिनं फोन लावला. तो तिकडनं म्हणाला, "गाडी एकदम ओके हाय. तूच आवळून धरत आसशील. सैल हातानं धर की जरा."

तिनं सैल धरलं. सैल धरल्यावर तर मी थेट मोरीच्या कठड्याकडं निघाले. मला काय हौस हुती व्हय? माझ्या पायात बळ हाय, पण दिशा न्हवती. ओरडून सांगावं म्हटलं, बाई गं, तुझा हात न्हाय, त्याचा पान्हा! पण आमचं बोलणं म्हंजे नुस्ती करकर. तिला वाटलं पाट्याचं रबरी बुश वाजतंय.

तीन खेपा अशा गेल्या. गटाची ईरम्मा, केस पांढरे आन् जीभ चाकूवानी, हिनं बैठकीत सगळ्या बायांम्होरं सांगितलं, "श्रीदेवी, सोमवारची खेप शेवटची. एक थप्पी जरी मोडली तर मंगळवारी टेम्पोवाल्याला सांगणार. पहाटं उठून भाकऱ्या आमी थापतो, यव्वा. चुरा करायला न्हाय."

 रात्री श्रीदेवी येऊन माझ्या बोनेटवर हात ठेवून उभी ऱ्हायली नुस्ती. असला हात न्हाय सोसत मला.

सोमवारी गुरुराज गावातच हुता, तिच्यासंगं सोलापूरला ड्यूटीवर निघाल्याला. भाकऱ्या भरून झाल्या आन् हा टुणकन चालकाच्या जागंवर. "सरक. माझ्या हातात कशी जाती ते बग आन् शिक जरा."

श्रीदेवी म्हणाली, "तुमी कवा चालवलीया हिला मोठ्या रस्त्यावर? उंच केल्यापासनं?"

"म्या बनवलीया ती! मला शिकवू नको."

अक्कलकोट मागं पडलं. रस्ता गुळगुळीत. तो शीळ घालाय लागला. चाळीस, पंचेचाळीस. मला ठावं हुतं पुढं काय हाय. एका पुलाच्या तोंडाला डांबराची जाड शिवण हाय, आन् समोरनं उसाच्या दोन ट्रॉल्या वढत एक ट्रॅक्टर येत हुता, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आल्याला.

"हळू घ्या," श्रीदेवी म्हणाली.

"गप बस गं."

शिवणीवर पुढची चाकं आदळली. आन् सुटले मी! स्टिअरिंग त्याच्या हातात असं नाचाय लागलं की अंगठा मुरगळला. त्यानं डावीकडं वढलं. डावीकडं ते अर्ध्यातच अडलं, कारण सरळ दिसतंय म्हणून ते सरळ हुतं थोडंच? मधोमधचं समदं गणितच त्यानं सरकवून ठिवलं हुतं. मी निघाले ट्रॉलीकडं. उसाचं पाचट काचंला घासलं.

"ब्रेक दाबू नका एकदम! पाय काढा! पाय काढा!" श्रीदेवीनं बाजूनं हात घातला, त्याच्या हातावरनंच स्टिअरिंग आवळलं आन् दोघांनी मिळून मला कडंला घेतलं. बाभळीच्या बुडाशी थांबले. ट्रॅक्टरवाला मागं वळून लई आईबाप काढून गेला.

 श्रीदेवी उतरली, मागं गेली, भाकरीचं पेटारं उघडलं. चुरा. एक भाकरी धड न्हाय.

गुरुराज तिच्या पाठीमागं येऊन उभा. अंगठा चोळत म्हणाला, "ती थरथर... दर खेपंला अशीच हुती का?"

"दर खेपंला."

"आन् तू हितनं एकटी..."

"एकटीच. सैल हातानं. तुमीच सांगितलं हुतं की."

त्यानं खाली बगितलं. मग म्हणाला, "श्री, म्या स्टिअरिंग काढून सरळ करून बसवलं हुतं. वाकडं झालं हुतं ते. उंच केल्यावर. तुला न्हाय सांगितलं."

श्रीदेवीनं हात पुढं केला. "किल्ली द्या," म्हणाली.

विसाच्या वेगानं तिनं मला सोलापूरच्या वेशीपातूर आणलं. तितं बिरुदेव म्हणून एक चाकांचा अलायमेंटवाला हाय, साठीचा गडी, मिशा माझ्या वायपरपेक्षा मोठ्या. त्यानं मशीन लावायच्या आदी वाकून नुस्तं बगितलं आन् हसाय लागला. "ही कुणाची कलाकारी?"

"माझी," गुरुराज म्हणाला.

"काय काम करता?"

"टर्नर."

"तरीच. पावणं, सायकलचा पुढचा चिमटा बगितलाय का? मागं कलल्याला असतो. म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाती. तुमी शॅकल लांबवली आन् हिचा कल घालवला. मग ही बिचारी कुटं बगून चालणार? आन् चाकं एकदम सरळ ठिवलीत, लेथवरच्या मालावानी. चाकांनी जरा आत बगाय लागतंय, पोपटाच्या पावलावानी. अगदी नीट असणं म्हंजे नीट न्हवं."

मग पयल्यांदा स्टिअरिंग पुन्हा वाकडं बसवलं, जसं हुतं तसं. खोटं उतरवलं तवा कुटं खरं दिसाय लागलं. पाट्यांच्या बुडाशी द्यायला पाचरी लागणार हुत्या. त्या गुरुराजनं शेजारच्या वर्कशॉपात स्वता घासून केल्या, ड्यूटी बुडवून. त्या बसल्या आन् एक्सल मागं कलला. मग बिरुदेवनं रॉड फिरवून फिरवून खालनं स्टिअरिंग सरळ आणलं, आन् शेवटी चाकं केसभर आत वळवली. तवर गॅरेजातली मंडळी भाकरीचा चुरा शेंगाच्या चटणीसंगं मजेत खात हुती.

"ताई, तुमीच चालवून बगा," बिरुदेव म्हणाला. गुरुराजकडं त्यानं बगितलं बी न्हाय.

गावाकडं परत निघालो. तोच पूल आला. श्रीदेवीचे हात घामेजल्यालं, मला कळतंय की. पंचेचाळीस. गुरुराजनं डॅशबोर्ड धरला. पन्नास. शिवण. धप्प! मी हलले, आन् गप झाले. तिनं बोटं सैल सोडली. स्टिअरिंग आपसूक मधे आलं. अक्कलकोटपातूर मला साठीवर ठिवलं तिनं. म्हातारपणी पळाले बगा!

ईरम्माच्या अंगणात बाया वाटच बगत हुत्या. पेटारं रिकामं. ईरम्मानं ते पालथं केलं, दोन तुकडं पडलं. "बोल बाई. धड किती पोचल्या?"

 श्रीदेवी सांगू शकली असती, पण न्हाय सांगितलं. नवऱ्याकडं नुस्तं बगितलं.

एवढ्या बायांम्होरं गुरुराज पाण्याच्या हंड्याकडं बगाय लागला. मला वाटलं, हा आता पाणी प्यायला म्हणून जातोय आन् येतच न्हाय.

"अक्का," तो म्हणाला, "भाकऱ्या म्या मोडल्या. समद्या. मागच्या तीन खेपांच्या बी."

"तू? तू तर एमआयडीसीत हुतास की रे."

"तितनंच मोडल्या, अक्का."

आन् समदं सांगितलं त्यानं. नट, स्टिअरिंग, फोनवरचं बोलणं बी. एक बाई फिदी हसली, ईरम्मानं तिला डोळ्यानंच गप केलं. मग म्हणाली, "उद्या पुन्हा थापू. श्रीदेवी न्हील. आन् तू, लेका, रजा काढ. मागं बसायचं. थप्पी मांडीवर घिऊन."

तर अशी मी. आता माझ्या पायात पाचरी हायत, पोट वढ्याला घासत न्हाय, आन् धा हजार किलोमीटर झालं की श्रीदेवी मला बिरुदेवकडं नेणार हाय. तुमास्नी येवढंच सांगते, पोरांनो: हौसंनं गाडी उंच करा, न्हाय कोण म्हंतंय? पण चाकं वाकडी झाली तर स्टिअरिंग काढून सरळ करू नका. आन् चालवणारीचा हात बगायच्या आदी जरा खाली वाकून बगत जावा.

बास झालं. भाकऱ्या चढल्या, गुरुराज मागं थप्पी मांडीवर घिऊन बसलाय, हलंना बिचारा. श्रीदेवीनं किल्ली फिरवली बगा. सरका वाटंतनं.